काचेच्या कपाटातली बाटली, काउंटरखालची ट्यूब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहा वस्तूंनी काचेसारखी कोरियन त्वचा कशी मिळवायची, महाग कोरियन घ्यायचं की स्वस्त देशी, हे सांगणारं आपल्या रविवारच्या पुरवणीतलं पान मी घरी वाचलं नव्हतं. रविवारी आमच्याकडे पेपर आधी नवऱ्याकडे जातो, मग शब्दकोड्यासाठी सासूबाईंकडे, आणि माझ्या हाती येतो तेव्हा त्यावर मटार सोलायला घेतलेले असतात. ते पान मला सोमवारी संध्याकाळी दुकानात भेटलं. करी रोडकडून येणाऱ्या एका मुलीनं ते कात्रीनं नीट कापून, चार घड्या घालून आणलं होतं. काउंटरवर पसरून म्हणाली, "मावशी, यातलं काय काय आहे तुमच्याकडे?"

दहापैकी आठ गोष्टी होत्या. उरलेल्या दोन तिला मोबाइलवर मिळाल्या. मी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, ९,४८० रुपये. लोअर परळच्या एका ऑफिसात ती नुकती लागली आहे, पगार अठरा हजार. आकड्याकडे बघून तिनं विचारलं, "आणि हे किती दिवस पुरतं?" प्रश्न मला फार आवडला. आपल्या त्या अख्ख्या पानावर तो कुठेच नव्हता, म्हणून हे पत्र.

मी लालबागमधल्या एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. १९९२ साली डी. फार्म. झाले आणि मधली बाळंतपणाची दोन वर्षं सोडली तर काउंटरमागेच उभी आहे. गेल्या दिवाळीपासून मालकांनी दर्शनी भागात काचेचं कपाट केलंय. पूर्वी तिथे डायपर आणि प्रोटीनचे डबे असत. आता कोरियन बाटल्या, गोगलगायीचं चित्र असलेल्या, तांदळाच्या लोंबीच्या, हिरव्या पानांच्या. कपाटात पिवळे दिवे आहेत आणि ते चांगले तापतात, पण तो माझा आणि मालकांचा वाद आहे, त्यात आपल्याला ओढत नाही. त्याच्या खालच्या फळीवर आपल्याकडच्या कंपन्यांच्या ड्रॉपरवाल्या छोट्या बाटल्या. त्यांच्यावर चित्र नसतं, रसायनाचं नाव आणि टक्के असतात. पोरं त्यांना 'नंबरवाली' म्हणतात. "मावशी, ती दहा टक्केवाली द्या," असं मागतात, व्याजाचा दर विचारल्यासारखं. दोन्ही फळ्यांवर माझं पोट आहे, म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती.

आता त्या मुलीला मी काय सांगितलं ते सांगते. बाटली उलटी कर आणि मागचं वाच. पुढची बाजू कंपनीनं तुझ्यासाठी लिहिलेली असते, मागची कायद्यासाठी. मागे घटकांची यादी असते. ज्याचं प्रमाण जास्त ते आधी, म्हणून पहिलं नाव बहुतेक वेळा पाणीच. एक टक्क्याच्या खाली गेल्यावर मात्र घटक कुठल्याही क्रमानं लिहायची मुभा असते, आणि तिथेच गंमत आहे. फिनॉक्सीइथेनॉल नावाचं एक परिरक्षक (माल खराब होऊ न देणारं रसायन) पुष्कळ बाटल्यांत असतं आणि ते एक टक्क्याच्या वर घालता येत नाही. यादीत ते सापडलं की तिथे नखानं रेघ मारायची. रेघेच्या पलीकडचं सगळं एक टक्क्याहून कमी. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत मिरवणारं जिनसेंग, मध किंवा मोती मागे या रेघेपलीकडे, सुगंधाच्या आसपास बसलेले पुष्कळदा सापडतात. ती युक्ती दाखवल्यावर त्या मुलीनं माझ्यासमोर चार बाटल्या उलट्या केल्या. मालक गल्ल्यावरून बघत होते.

त्या चारांतल्या दोन कोरियन बाटल्यांच्या मागे नायासिनामाइड होतं, आणि तेही रेघेच्या बरंच अलीकडे. हे बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप, आपण स्ट्रिपमध्ये विकतो त्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीतही असतं. (एकानं मला विचारलं होतं, गोळी कुटून तोंडाला लावू का? नाही. गोळीत खडू, रंग, साखरेचं आवरण, काय काय असतं.) कोरियाच्या सरकारनं 'कार्यक्षम' सौंदर्यप्रसाधन असा एक वेगळा वर्ग केला आहे. डाग फिके करण्याचा दावा करायचा तर त्यांनी मान्य केलेल्या घटकांपैकी एखादा ठरलेल्या प्रमाणात घालावा लागतो, आणि त्या यादीत नायासिनामाइड आहे, २ ते ५ टक्के. सुरकुत्यांसाठी ॲडेनोसिन आहे, ०.०४ टक्के. म्हणजे कोरियातल्या अधिकाऱ्यांनी ज्याच्या जोरावर शिक्का मारला तेच खालच्या फळीवर चारशे-पाचशे रुपयांत उभं आहे. भाताचं पाणी आणि काचेची बाटली यांचे वरचे आठशे-नऊशे.

आम्हा केमिस्टांना ही गोष्ट नवी नाही. ब्रँडची गोळी आणि जेनेरिक गोळी यांतला हिशोब आम्ही रोज लोकांना सांगतो: रेणू तोच, मात्रा तीच, वेष्टन वेगळं. चेहऱ्याची वेळ आली की मात्र शिकलेली माणसंही हा हिशोब विसरतात.

एक मान्य करते, क्रीम म्हणजे गोळी नाही. क्रीमचा पोत, वास आणि घामात टिकणं या गोष्टी खऱ्या असतात, आणि त्या बाबतीत कोरियन माल बहुतेक वेळा सरस असतो. आपल्याकडच्या स्वस्त सिरमांतली काही लावल्यावर साबुदाण्याच्या खिचडीत हात घातल्यासारखं चिकट वाटतं. जे लावावंसं वाटत नाही ते कितीही शास्त्रोक्त असलं तरी बाथरूममध्ये धूळ खातं.

या विषयात माझी भाचीही ओढली गेली आहे, तिची परवानगी घेऊन लिहिते. डोंबिवलीला राहते, परळला नोकरी करते. सकाळी सात अठराची गाडी, रात्री घरी पोचेपर्यंत साडेनऊ. तिच्याकडे सगळी पाठशाळा होती: आधी तेलाचा क्लिन्झर, मग पाण्याचा, टोनर, एसेन्स, सिरम, अँप्यूल, डोळ्यांखालचं क्रीम, मॉइश्चरायझर, आठवड्यातून दोनदा शीट मास्क. रात्री अकरा वाजता ती ओला मास्क तोंडावर ठेवून आडवी व्हायची आणि तशीच झोपून जायची. माझी बहीण रात्री पाणी प्यायला उठली आणि पांढरं तोंड बघून किंचाळली, हे आमच्या घराण्यात आता कायमचं नोंदलं गेलंय. गोगलगायीच्या स्रावाची बाटली देवघराशेजारच्या कपाटात होती. त्यात नक्की काय आहे हे कळल्यावर बहिणीनं ती वर्तमानपत्रात गुंडाळून थेट मोरीत नेऊन ठेवली. "गोगलगाय नि पोटात पाय," एवढंच म्हणाली. (गोगलगायीचा हा स्राव ओलावा धरायला चांगला आहे. ग्लिसरीनही चांगलं आहे, आणि त्याच्यासाठी कुणाला सरपटावं लागत नाही.)

मार्चपर्यंत ठीक चाललं. मे महिन्यात कपाळभर बारीक पुरळ उठलं. तिला वाटलं, एक पायरी कमी पडतेय. तिनं आणखी एक चढवली.

कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, जानेवारीत पारा शून्याच्या खाली जातो. घरांतल्या जमिनी खालून तापवलेल्या असतात, हवा कोरडी ठक्क. तिथे ओलाव्याचे थरावर थर चढवणं समजू शकतं. डोंबिवली फास्टमध्ये मे महिन्यात चौथ्या सीटवर अर्धं टेकलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर हवाच एवढं पाणी आणून सोडते, तिथे सात थरांखाली घाम, तेल आणि जंतू मिळून संसारच थाटतात. ऑफिसातल्या एसीत त्वचा कोरडी पडते हे खरं, पण त्याला एक साधं मॉइश्चरायझर पुरतं. शिवाय हा दहा पायऱ्यांचा आकडाही खुद्द सोलपेक्षा अमेरिकेत कोरियन माल विकणाऱ्यांनीच जास्त गाजवला. तिकडे आता 'स्किप-केअर' असा शब्द निघालाय, म्हणजे पायऱ्या गाळा. त्यांनी उतरायला घेतलेला जिना आपण धापा टाकत चढतोय.

भाचीला मी एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात नेलं. दोन तास रांग, चार मिनिटं डॉक्टर. डॉक्टर तरुण होती, भाचीपेक्षा फार तर पाचसहा वर्षांनी मोठी. मोबाइलमधला बाटल्यांचा फोटो बघून हसली नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे. केसपेपरवर तीन ओळी लिहिल्या: साधा फेसवॉश, रात्री एक जेल, सकाळी सनस्क्रीन. "बाकी सगळं सहा आठवडे कपाटात." भाची जिन्यात रडली, पुरळासाठी नाही, पैशांसाठी. सहा महिन्यांत चौदा हजार गेले होते.

एवढं वाचून स्वस्त नंबरवाल्या बाटल्यांची मी वकिली करतेय असं वाटेल. तसंही नाही.

ही नंबरांची पद्धत कॅनडातल्या 'द ऑर्डिनरी'नं २०१६ पासून गाजवली. रसायनाचं नाव आणि टक्के दर्शनी भागावर, किंमत कमी. जयपूरच्या 'मिनिमलिस्ट'नं २०२० पासून ती आपल्याकडे घरोघरी नेली. मला ती पद्धत मनापासून आवडते, कारण त्यात लपवाछपवी कमी. पण टक्के पुढच्या बाजूला आले आणि लोकांना वाटू लागलं, जास्त टक्के म्हणजे जास्त मार्क. नायासिनामाइडवरचा बराचसा अभ्यास पाच टक्क्यांपर्यंतचा आहे. दहा टक्के लावून चेहरा लाल झालेली माणसं माझ्याकडे येतात आणि विचारतात, "पंधरा आहे का?" सॅलिसिलिक ॲसिड दोन टक्के, चांगलं औषध, तेलात विरघळतं म्हणून छिद्रात उतरतं, मुरुमांना बरं. पण कुणी ते फेसवॉशमध्येही घेतं, टोनरमध्येही, सिरममध्येही, आणि वर रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचं एक रूप). बाटली साडेतीनशेची असली की माणूस चार घेतो. महागाई निदान हात तरी आखडता ठेवते.

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात एक मुलगा आला. आमच्याकडे त्या दिवसांत रांगा, ढोल आणि बँड-एडची विक्री, दुसरं काही नसतं. मंडळाचा कार्यकर्ता, चोवीस-पंचवीसचा. चेहरा भाजल्यासारखा. तीस टक्के ॲसिडचं, त्वचेचा वरचा थर सोलणारं लाल पील ऑनलाइन मागवलं होतं. ते दहा मिनिटांत धुवायचं असतं. यानं रात्रभर ठेवलं, "जास्त वेळ ठेवलं तर जास्त उजळेल ना" म्हणून. आगमनाच्या फोटोत छान दिसायचं होतं. सगळे दहा दिवस तो मांडवात टोपी खाली ओढून उभा होता.

आणि व्हिटॅमिन सी. चांगली वस्तू, पण हवा, उजेड आणि उष्णता यांची वैरी. डिलिव्हरीवाल्याच्या बॅगेत मे महिन्यात दिवसभर फिरलेली बाटली चहाच्या रंगाची होऊन येते. स्वस्त घेतली आणि अर्धी फेकली तर ती स्वस्त कशी?

आता ज्या गोष्टीसाठी खरं म्हणजे पेन हातात घेतलं.

आपल्या पानावर कोरियन महाग आणि देशी स्वस्त अशी जोडी लावली आहे. मुंबईतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर गुण दाखवणारी वस्तू या दोन्ही फळ्यांवर नाही. ती काउंटरखालच्या खणात असते, पंधरा ग्रॅमची ट्यूब, सव्वाशे रुपयांच्या आतबाहेर. त्यात तीन औषधं असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. वांगाच्या डागांवर त्वचारोगतज्ज्ञ ती मोजक्या आठवड्यांसाठी देतात, लक्ष ठेवून. लोक ती वर्षानुवर्षं फेअरनेस क्रीम म्हणून लावतात. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळ, मुरुम गायब, शेजारीण विचारते काय लावलंस. मग त्वचा पातळ होते, शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते, उन्हात आग होते. थांबवलं की चेहरा लालबुंद होऊन पेटतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. डॉक्टरांकडे या अवस्थेला वेगळं नावच पडलंय, इतके रुग्ण आहेत.

२०१८ साली केंद्र सरकारनं त्वचेवर लावायची ही स्टेरॉइडं 'शेड्यूल एच'मध्ये घातली. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. मी देत नाही. समोरच्या टॉवरमध्ये घरकाम करणारी एक बाई दर महिन्याला रिकामी ट्यूब घेऊन येते, दर महिन्याला मी नाही म्हणते, आणि दर महिन्याला ती पुढच्या नाक्यावरून घेऊन जाते. जाताना मला दाखवूनही जाते.

हे मी एवढ्या ठामपणे लिहितेय कारण मी स्वतः त्या विकल्या आहेत. नव्वदच्या दशकात कुणी विचारत नव्हतं, आम्हीही विचारत नव्हतो. १९९७ साली माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. रंग सावळा, गालावर थोडे डाग, मुलगा नाशिकचा. लग्नाला दोन महिने होते. ट्यूब मीच आणून दिली, स्टाफच्या सवलतीत. लग्नाच्या फोटोत ती इतकी सुंदर दिसते की बघवत नाही. नाशिकला गेल्यावर तिनं ती स्वतःच आणायला सुरुवात केली, दोन-अडीच वर्षं. आज तिचं वय पन्नास आहे. पोळ्या करायला उभी राहिली की पाच मिनिटांत तिचे गाल टोमॅटोसारखे होतात. ती मला कधी काही बोलली नाही. दरवर्षी भाऊबीजेला आमच्याकडे येते, माझ्या नवऱ्याला ओवाळते, आणि निरांजनाच्या उजेडात तिच्या गालांवरच्या बारीक लाल रेषा मला दिसतात. मी काहीतरी आणायला म्हणून आत जाते.

तेव्हा कोरियन की देशी हा वाद मला जरा लाडाचा वाटतो. नऊ हजारांच्या दहा बाटल्या ज्यांना परवडत नाहीत त्या सगळ्या बायका पाचशेच्या नंबरवालीकडे वळत नाहीत. त्यांतल्या पुष्कळ सव्वाशेच्या ट्यूबकडे जातात. आपली पुरवणी त्याही वाचतात, कामाच्या घरी, रद्दीत.

लालबाग-परळ-भायखळ्याच्या माणसांना तोंडाला लावायच्या वस्तूंचा इतिहास शिकवायची गरज नाही. इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ साली 'अफगाण स्नो' काढलं, ते भायखळ्याचं. 'विको' १९५२ साली परळमध्ये एका घरात सुरू झाली. त्यांचं हळदीचं क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं कोर्टकचेरी झाली आणि कंपनी जिंकली. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली आलं, २०२० साली 'ग्लो अँड लव्हली' झालं, आणि ते बनवणाऱ्या त्याच हिंदुस्थान युनिलिव्हरनं २०२५ च्या जानेवारीत वर उल्लेखलेल्या 'मिनिमलिस्ट'चा नव्वद टक्क्यांवर हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं. गोरेपणा विकणारा आणि टक्के विकणारा गल्ला आता एकच. मी तक्रार करत नाही, नुसती नोंद करते. माझ्या आजीकडे अफगाण स्नोची बाटली शेवटपर्यंत होती, आत सुयाबिया ठेवलेल्या.

कोरियन बाटल्यांवर 'सिका' म्हणून जे हिरवं पान असतं ते सेंटेला, म्हणजे मंडूकपर्णी. आमच्या गावाकडे कारिवणा म्हणतात. गुहागरला विहिरीच्या कडेला, जिथे पाय घसरतो तिथे पसरलेलं असायचं. ते विमानानं परत आलं की चौदाशे रुपये. (पण म्हणून पानं वाटून तोंडाला लावू नका. बाटलीत शुद्ध केलेला अर्क असतो, विहिरीच्या कडेला बेडूकही असतात.)

एका बाबतीत मात्र मी कोरियन मुलींचं अनुकरण करा असंच सांगेन, ते म्हणजे सनस्क्रीन. पाऊस असो, ढग असो, त्या लावतात. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर मुरुम गेला तरी डाग राहतो, आणि तो डाग उन्हानं गडद होतो. पाचशेचं सिरम लावून उघड्या चेहऱ्यानं बसच्या रांगेत उभं राहणं म्हणजे फाटक्या पिशवीत तांदूळ भरणं. कोरियन सनस्क्रीन पांढरं पडत नाही, चिकटत नाही, हे खरं आहे. पण ते नव्या पिढीच्या फिल्टरांमुळे (म्हणजे ऊन अडवणाऱ्या रसायनांमुळे), आणि ते फिल्टर भारतातही चालतात. बेमोट्रिझिनॉल हे नाव मागच्या यादीत शोधा, आपल्याकडच्या चारशे-पाचशेच्या ट्यूबांतही सापडेल. वांग असेल तर थोडी रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेली घ्या, कारण वांगाला नुसती अतिनील किरणं नाही, दिसणारा उजेडही पुरतो.

किती लावायचं तर तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, चेहरा आणि मान मिळून. या मापानं दिवसातून एकदा लावलं तर पन्नास ग्रॅमची ट्यूब साधारण चाळीस दिवस जाते. साडेचारशेची असेल तर दिवसाला सव्वाअकरा रुपये, एक कटिंग. साडेतेराशेची कोरियन असेल तर पावणेचौतीस. आणि इथे मी काउंटरवर रोज बघते ती गोष्ट: महाग सनस्क्रीन लोक जपून लावतात. मटाराएवढा ठिपका घेऊन अख्ख्या तोंडावर ताणतात. डब्यावरचे संरक्षण सांगणारे ते ५० आणि प्लसच्या चार खुणा भरपूर थरावर मोजलेल्या असतात, मटारावर नाही. सनस्क्रीन हात सैल सोडून वापरता आलं पाहिजे, म्हणून ते परवडणारंच हवं.

बाकी गरज असेल तर एक ॲक्टिव्ह, म्हणजे कामाचा घटक असलेली एक वस्तू. दोन नको, एकच, तीन महिने. पहिले काही दिवस एक दिवसाआड आणि आधी कानामागे लावून बघायचं. मुरुम जास्त असतील तर सिरमच्या फळीकडे न बघता सरळ सायन, केईएम, नायरची त्वचा ओपीडी गाठायची. सहाशेच्या रेटिनॉल सिरमपेक्षा डॉक्टरनं लिहिलेलं ॲडापॅलीनचं जेल पुष्कळदा निम्म्या किमतीत मिळतं आणि त्याचा परिणाम जास्त भरवशाचा. फक्त गरोदरपणात किंवा दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असताना ही रेटिनॉइडवाली (रेटिनॉल, ॲडापॅलीन, ट्रेटिनॉइन) कुठलीच वस्तू नको. हे वाक्य कुठल्याही सौंदर्यपानावर मोठ्या अक्षरांत मी अजून वाचलेलं नाही.

आपल्याकडून माझी अपेक्षा फार नाही. पुढच्या वेळी असं पान कराल तेव्हा प्रत्येक वस्तूशेजारी त्यातला कामाचा घटक किती टक्के आणि ती किती दिवस पुरते ते छापा. पैसे घेऊन छापलं असेल तर 'जाहिरात' हा शब्द चेहऱ्यावरच्या छिद्रापेक्षा मोठा असू द्या. जाहिरात परिषदेनं २०२१ साली इन्फ्लुएन्सरांनासुद्धा तसं सांगून ठेवलंय, वर्तमानपत्रानं त्यांच्यामागे राहू नये. आयात केलेल्या बाटलीवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो हेही सांगा. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या 'कोरियन' बाटलीवर तो नसला तर ती कोरियाची आहे की कुर्ल्याची, हे देव जाणे. आणि काउंटरखालच्या त्या ट्यूबवर एक पान करा. मी बोलायला तयार आहे, नावाशिवाय.

त्या मुलीनं शेवटी काय घेतलं ते राहिलं. एक फेसवॉश, एक सनस्क्रीन, आणि पांडाचं तोंड छापलेला नव्वद रुपयांचा शीट मास्क. मास्क कशाला, मी विचारलं. "मावशी, शनिवारी मैत्रिणी येतायत, मजा म्हणून." बिल झालं ६९५ रुपये. आपलं कात्रण मात्र ती काउंटरवर विसरून गेली. मी ते कॅल्क्युलेटरखाली ठेवलंय, परत आली तर देईन.

पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. कात्री लावायची झाली तर अफगाण स्नोला लावा, गोगलगायीला लावा. ट्यूबचा मजकूर ठेवा. नणंदेला मी त्याबद्दल आधी सांगितलं आहे. "छापून आलं की मला पाठव," म्हणाली.

आपली,
एक फार्मासिस्ट, लालबाग, मुंबई
(नाव व पत्ता सोबतच्या चिठ्ठीत)